साडेदहानंतर डग्गा कुठे जातो? हळू आवाजात ऐकण्यासाठी स्पीकर निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉल साधारण १६ बाय ११ फूट, हॉलच्या भिंतीपलीकडे वडील झोपतात, आतल्या खोलीत दीड वर्षाची मुलगी. दिवसभर वेळ मिळत नाही, म्हणून ऐकणं होतं ते रात्री साडेदहानंतर: ख्याल, नाट्यपदं, जुनी हिंदी गाणी. घरात उभे टॉवर स्पीकर आहेत आणि ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. रविवारी सकाळी मोठ्याने लावलं की सगळं भरून येतं, पण रात्री आवाज उतरवला की 'पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं' वाटतं. दुकानदार म्हणतो, स्पीकर 'उघडायला' पॉवर लागते, १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हेडफोन नको, कारण वडिलांनी हाक मारली तर ऐकू यायला हवी. खर्चाची तयारी ५० हजारांपर्यंत. तर हळू आवाजात चांगले वाजतील असे स्पीकर कोणते?

पहिलं उत्तर लगेच देतो: मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. त्याने काहीही बदलणार नाही. का, ते पुढे आकड्यांनी सांगतो. स्पीकरचं उत्तर मात्र एका ओळीत देता येणार नाही, कारण तुमची तक्रार स्पीकरबद्दल वाटत असली तरी तिचं मूळ बरंचसं तुमच्या कानात, थोडं पंख्यात आणि थोडं तुमच्या सोफ्याच्या जागेत आहे. मी गेली २६ वर्षं पुण्यात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, स्पीकरची खोकी बांधतो आणि लोकांच्या घरी जाऊन सेट लावून देतो. रात्रीच्या ऐकण्याची ही तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. त्यातल्या अनेकांनी माझ्याकडे येण्याआधी एकदा तरी चुकीच्या वस्तूवर पैसे घातलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ख्याल ऐकता, तर तबल्यातूनच सांगतो. तीनतालाचा (सोळा मात्रांचा ताल) ठेका आठवा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तिसऱ्या विभागात 'खाली' येते, म्हणजे तालाचा हलका, टाळी नसलेला भाग, ती कशाने कळते? डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबला, थांबतो म्हणून. 'धा'मधून डग्गा काढला की उरतो तो 'ता'. आता रात्री आवाज खूप उतरवून हाच ठेका ऐका. डग्गा जवळजवळ नाहीसा झालेला असतो, त्यामुळे सगळे 'धा' 'ता'सारखे आणि सगळे 'धिं' 'तिं'सारखे ऐकू येतात. सोळाच्या सोळा मात्रा 'खाली'च्या वाजू लागतात. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येण्याचं सुख डग्ग्याच्या त्या 'भरी'त असतं आणि नेमकी तीच हरवते. तुम्ही ज्याला पत्र्याचा आवाज म्हणता तो हाच.

तानपुरा मात्र असा हरवत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या (सेकंदाला ६९ कंपनं) जवळपास असते, म्हणजे डग्ग्याइतकीच खाली. तरीही ती रात्री ऐकू येते, कारण जवारीमुळे (तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या झंकारामुळे) त्या तारेतून वरच्या स्वरांचा मोठा गुच्छ निघतो आणि कान त्या वरच्यांवरून खालचा षड्ज स्वतःच जोडून घेतो. डग्ग्याजवळ असा गुच्छ फारसा नाही. त्याचा जीव साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि आवाज कमी झाला की माणसाचा कान सगळ्यात आधी तोच पट्टा सोडतो.

यात स्पीकरचा दोष नाही. कानाचा हा स्वभाव बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून मांडला. पुढे ती मोजमापं सुधारत गेली आणि आज आयएसओ २२६ नावाच्या मानकात ते आलेख मिळतात. तुमच्या कामाचे आकडे एवढेच: १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा सूर कानाला तितकाच मोठा वाटायला सुमारे १२ डेसिबल जास्त लागतात. तोच १००० हर्ट्झचा सूर ६० डेसिबलवर आणला की हा फरक १८च्या आसपास जातो आणि ४० डेसिबलवर तो २४ होतो. ५० हर्ट्झला तर त्याहून वाईट अवस्था. याचा अर्थ असा की रविवारच्या ८० डेसिबलवरून रात्रीच्या ६० डेसिबलवर तुम्ही सगळं सारखंच उतरवलंत, तरी तुमच्या कानापुरता डग्गा आणखी ६ डेसिबलने उतरला. अ‍ॅम्प्लिफायरनेही काही कमी केलेलं नाही आणि स्पीकरनेही नाही.

आता 'उघडण्या'बद्दल. हा शब्द मी दुकानादुकानांत ऐकला आहे आणि बोलणारे बहुतेक वेळा मनापासून बोलत असतात, कारण ऐकणाऱ्याला अनुभव तसाच येतो. पण मी मायक्रोफोन लावून एकच स्पीकर हळू आणि मोठ्याने असा कितीतरी वेळा मोजला आहे. दोन्ही आलेख एकावर एक बसतात. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, हळू आवाजात झोपून राहत नाही. आणि पॉवरचं म्हणाल तर हिशेब करून बघा. तुमच्यासारख्या टॉवरची संवेदनशीलता साधारण ८६ डेसिबल धरू, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. अडीच-तीन मीटरवर बसल्याने खोलीत सहा-सात डेसिबल घटतात, दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे एकेक वॅटवर तुमच्या कानाशी ८२-८३ डेसिबल. तुम्हाला हवेत ६०. त्यासाठी प्रत्येक स्पीकरला लागतो वॅटचा दोनशेवा भाग. तानेत किंवा तबल्याच्या थापेत आवाज वीस डेसिबलने उसळला तरी अर्धा वॅट. तुमच्याकडे ६० आहेत. १०० घेतलेत तर नॉब आणखी खाली ठेवावा लागेल आणि त्यातून एक वेगळाच त्रास निघतो, तो पुढे सांगतो.

कानानंतर नंबर खोलीचा, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जवळपास फुकटात मोठा फरक पडतो.

मागच्या उन्हाळ्यात डोंबिवलीत एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो होतो. तक्रार तुमचीच, शब्दही जवळजवळ तेच. रात्री अकरा वाजता या, असा मीच हट्ट धरला, कारण दुपारी जाऊन ही तक्रार समजत नाही. त्यांनी विलंबित (संथ) एकताल लावला आणि आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. डोक्यावर पंखा तीनवर. फोनमधल्या मीटरवर गाणं ५५च्या आगेमागे. धिं धिं धागे तिरकिट, पण ऐकू येत होती ती फक्त तिरकिट आणि तबल्याच्या शाईवरची (काळ्या गोलावरची) टोकं. मी उठून पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट गेला. ती थांबत असताना काका एकदम म्हणाले, "आला." डग्गा आला होता. आवाजाला आम्ही हात लावला नव्हता. मग गाणं थांबवून खोली मोजली: पंखा चालू असताना ४६ डेसिबल, बंद असताना ३३.

इथे दोन गोष्टी होत होत्या. एक, पंख्याचा वारा गाण्यातल्या बारीक जागा झाकत होता. ४६च्या खालचं सगळं त्या वाऱ्यात बुडालं होतं आणि ५५वर चाललेल्या गाण्याला खाली जायला जेमतेम नऊ डेसिबलची जागा उरली होती. दोन, त्या पंख्याचा गुंजारव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटार आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात ते मुख्यतः १०० हर्ट्झवर. म्हणजे नेमकी डग्ग्याची जागा. त्यांच्याकडे गोल फिरणारा स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. तो विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि त्याने मोटारीचा गुंजारव वाढतो. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की तो बराच घटतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या) पंख्यात हा गुंजारव जवळपास नसतोच, वाऱ्याचा आवाज मात्र त्यातही राहतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसा असं मी ठाण्याच्या माणसाला सांगणार नाही. पण रेग्युलेटर काही शे रुपयांत बदलतो, आणि डोक्यावरच्या पंख्याऐवजी पायाकडे एक छोटा, कमी वेगाचा पंखा चालत असेल तर करून बघा. फ्रीज हॉलमध्ये असेल तर त्याचा कॉम्प्रेसरही याच पट्ट्यात बोलतो. त्याच्या पायांची पातळी नीट करा आणि भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

तिसरी गोष्ट अंतर. तुम्ही लिहिलंय की सोफा स्पीकरपासून दहा फुटांवर आहे. रात्रीपुरती एक खुर्ची स्पीकरपासून चार फुटांवर आणून बसलात तर थेट येणारा आवाज सुमारे आठ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून घुमून येणारा आवाज तेवढा वाढत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ आठपेक्षा काहीसा कमी पडेल, पण तो भरघोस आहे. आणि पलीकडच्या खोलीत किती आवाज जातो हे स्पीकरमधून किती निघतो त्यावर ठरतं, तुम्ही कुठे बसता त्यावर नाही. म्हणजे जवळ बसून तुम्ही स्पीकर हळू करता, तुमच्या कानाला तेवढंच मिळतं, आणि वडिलांच्या खोलीत कमी जातं. तुमच्या परिस्थितीत याहून मोलाचा उपाय मला माहीत नाही.

पण तुमचे टॉवर चार फुटांवरून नीट वाजणार नाहीत. तीन-चार वेगवेगळे कोन जमिनीपासून छातीपर्यंत उभे मांडलेले असतात आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळायला सात-आठ फूट तरी लागतात. जवळून ऐकलं की ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा कोन) एकीकडून आणि वूफर (खर्जाचा मोठा कोन) पायातून येतो. म्हणून टॉवर ठेवा रविवार सकाळसाठी आणि रात्रीसाठी छोटी दुसरी जोडी करा. माझा सल्ला तिकडे जातो आहे. पण त्याआधी लाऊडनेसचं, म्हणजे हळू आवाजात खर्जाची भरपाई करण्याचं, बोलू, कारण ते न करता नवी जोडी घेतलीत तर सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल, निदान ऐकून माहीत असेल. शनिवारी रात्री आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा लागायची. १९५२पासून चाललेला कार्यक्रम. घर झोपलेलं, रेडिओ अगदी बारीक, आणि तरीही तो आवाज भरलेला वाटायचा. जुनी माणसं याचं श्रेय लाकडी खोक्याला देतात. खोक्याचा आणि मोठ्या कागदी कोनाचा वाटा होताच. पण मी असे सेट उघडून दुरुस्त केले आहेत. त्यातल्या कित्येकांत व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरला) मधूनच एक तिसरी वायर काढून तिला कपॅसिटर-रेझिस्टर जोडलेले असतात. त्याने आवाज खाली आणताना खर्ज तितक्या वेगाने खाली येत नाही. कानाचा स्वभाव ओळखून केलेली भरपाई ती. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाऊडनेस'चं बटण आलं ते याच कामासाठी. मग काही वर्षांनी 'शुद्ध' आवाजाच्या नावाखाली अनेकांनी ते काढून टाकलं आणि हळू ऐकणाऱ्यांचं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते बटण आजही काही ठिकाणी चांगल्या रूपात मिळतं. यामाहाच्या काही स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर लाऊडनेसचा वेगळा फिरता नॉब असतो. आधी तो 'फ्लॅट'वर (भरपाई शून्य) ठेवून तुम्ही ऐकता तो सर्वांत मोठा आवाज मुख्य नॉबने ठरवायचा, आणि मग रात्री आवाज कमी करायचा तो या लाऊडनेसच्या नॉबनेच. बहुतेक लोक हे उलटं वापरतात आणि मग नावं ठेवतात. डेनॉन-मरांट्झच्या अनेक रिसीव्हरमध्ये ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू असतं, ते खोली मोजून आवाजानुसार भरपाई आपोआप करतं. यातलं काहीच नसेल तर फोनवरचं किंवा स्ट्रीमरमधलं (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) ईक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करायची सोय, पुरतं. रात्रीसाठी एक वेगळी सेटिंग साठवून ठेवा: १०० हर्ट्झला ६ डेसिबल वर, ५० हर्ट्झला ८ वर, आणि अगदी वरच्या टोकाला, ८-१० हजार हर्ट्झच्या पुढे, २ वर. हे आकडे वर सांगितलेल्या ८० आणि ६०मधल्या फरकातूनच आलेले आहेत. यातून सुरुवात करा, मग तुमच्या कानाने एक-दोन इकडेतिकडे करा. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर साधा बासचा नॉब असेल तर आज रात्री तोच दोनच्या काट्यापर्यंत फिरवून पाहा. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

आता स्पीकर.

चार फुटांवरून, हळू, मुख्यतः गळा आणि तबला ऐकायचा असेल तर मी छोटा दोन कोनांचा स्पीकर घेईन, वूफर पाच ते साडेसहा इंचांचा. चार इंची वूफर बहुधा साठ-पासष्ट हर्ट्झलाच मान टाकतात आणि वरची भरपाई त्यांच्यावर लादली तर डग्ग्याची घसीट तेवढी ऐकू येते, वजन येत नाही. एकाच केंद्रातून आवाज काढणारे स्पीकर, म्हणजे वूफरच्या पोटातच ट्विटर बसवलेले, जवळून ऐकायला फार सोयीचे. टॅनॉयने ही रचना १९४७मध्ये आणली आणि केईएफने १९८८पासून युनी-क्यू नावाने ती घरगुती स्पीकरमध्ये रुळवली. ५० हजारांत अशी नवी जोडी मिळेलच असं नाही. वापरलेली मिळाली तर कोनाभोवतीचं रबर बोटाने हलकेच दाबून बघा. चिकट किंवा तडकलेलं असेल तर सोडून द्या.

छोट्या खोक्यांवर विश्वास बसत नसेल तर बीबीसीच्या एलएस३/५एची गोष्ट ऐका. १९७०च्या दशकात बाहेरून प्रसारण करणाऱ्या व्हॅनमध्ये, हातभर अंतरावरून निवेदकाचा आवाज तपासण्यासाठी तो बनवला. सुमारे पाच लिटरचं बंद खोकं, संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल, म्हणजे आजच्या हिशेबाने मंद. पण त्याच्या आवाजात १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान एक हलका उंचवटा आहे. खरा खोल खर्ज नसूनही त्यामुळे गळ्याला छाती मिळते. गेली कित्येक दशकं लोक तो रात्रीच्या ऐकण्यासाठी जपून ठेवतात यामागे हा उंचवटा आणि जवळून ऐकण्याची रचना आहे. 'जास्त संवेदनशीलतेचे स्पीकरच हळू चांगले वाजतात' हे वाक्य तुम्हाला कोणीतरी सांगेल. मोठ्या कागदी कोनाचे, हॉर्नचे स्पीकर मलाही आवडतात. पण त्यांचा हळू आवाजातला भरलेपणा मुख्यतः मोठ्या वूफरच्या खर्जातून येतो. संवेदनशीलतेचा आकडा स्वतः काही देत नाही, उलट अ‍ॅम्प्लिफायरची सळसळ तेवढी मोठी करून दाखवतो.

खोकं बंद की भोकाचं (पोर्टचं)? तुमच्या खोलीत स्पीकर भिंतीजवळच राहणार, म्हणून बंद खोकं मिळालं तर उत्तम. नाहीतर पोर्ट पुढच्या बाजूला असलेलं घ्या. भिंतीजवळ ठेवल्याने खर्ज काही डेसिबल वाढतो. दिवसा मोठ्या आवाजात हे जड वाटेल, रात्री त्याचीच मदत होते. फक्त ती भिंत वडिलांच्या खोलीची नको.

अ‍ॅम्प्लिफायर आत असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर तुमच्यासाठी मला जास्त पटतात. ५० हजारांत पाच इंची वूफरचे चांगले स्टुडिओ मॉनिटर (ध्वनिमुद्रण तपासायचे, जवळून ऐकायचे स्पीकर) येतात आणि मागे खर्ज कमी-जास्त करायचे स्विच असतात. पण रात्रीसाठी घेताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक, सळसळ. ट्विटरमधून सतत बारीक 'स्स्स' येते. दुकानात एसी चालू असतो, तिथे ती कळतच नाही. घरी रात्री पंखा बंद करून, गाणं न लावता, बसायच्या जागेवरून ऐका. तिथून ऐकू आली तर परत करा, सवय होईल या आशेवर ठेवू नका. म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. दुसरं, आपोआप झोपणं. वीज वाचवण्यासाठी अनेक अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणि सबवूफर सिग्नल बारीक झाला की काही मिनिटांनी बंद होतात. एका बाईंच्या घरी संथ आलापात उजवा स्पीकर झोपायचा आणि पहिली तान आली की खट्‌कन जागा व्हायचा. दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता बिचारा. दोष काहीच नव्हता. मागे ही सोय बंद करायचा स्विच आहे का, ते घेण्याआधीच पाहा.

तुमचाच अ‍ॅम्प्लिफायर आणि साधे स्पीकर ठेवायचे ठरवलंत तर नॉबकडे लक्ष द्या. मघाशी ज्या त्रासाचं म्हणालो तो हा. साध्या पॉटचे दोन भाग अगदी खालच्या टोकाला एकसारखे चालत नाहीत. नॉब आठच्या काट्याखाली असला की एक बाजू दुसरीपेक्षा दोन-तीन डेसिबल मोठी होते आणि मधोमध बसलेला गायक एका बाजूला सरकतो. जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) गाणं लावून बघा, गळा बरोबर मध्ये येतो का. सरकत असेल तर फोन किंवा स्ट्रीमरचा आवाज दहा-पंधरा डेसिबलने कमी करा आणि नॉब नऊ-दहाच्या काट्यावर आणा. म्हणूनच १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तुम्ही हा त्रास वाढवून घेतला असता.

सबवूफरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेल. छोटा, बंद खोक्याचा, तुमच्या खुर्चीच्या अगदी शेजारी आणि खूप कमी आवाजावर ठेवला तर तो रात्री सुंदर काम करतो. पण आत्ता घेऊ नका. तुमच्या संगीतात ५०च्या खाली फारसं काही नाही, आणि स्लॅबमधून खालच्या घरी सगळ्यात आधी पोचतो तो हाच.

शेजाऱ्यांचं आणि वडिलांचं म्हणाल तर ६०च्या आसपासच्या आवाजाला भिंत बहुतेक पुरते. निसटतं ते दाराखालून. वडिलांच्या दाराखाली रबरी पट्टी लावा, तिचा उपयोग कुठल्याही फोमपेक्षा जास्त. स्पीकर टेबलावर असतील तर खाली जाड मऊ रबराचे तुकडे घाला. टोकदार खिळ्यांवर उभे केलेले स्पीकर लादीला थरथर थेट देतात, रात्रीपुरतं तरी ते टाळा.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. पन्नाशी उलटली असेल तर वरच्या टोकाला २ऐवजी ४ डेसिबल लागू शकतात. जुनी हिंदी गाणी बहुतेक मोनो, गळा पुढे आणि खर्ज मुळातच आखडता, त्यामुळे ती रात्री फारशा मदतीशिवायही छान लागतात. खरी परीक्षा ख्यालाची. तुमचं ऐकणं जर ८० टक्के जुनी गाणी असेल तर यातला निम्मा खटाटोप करू नका, रेग्युलेटर आणि खुर्ची एवढ्यावर थांबा.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात रेग्युलेटर, खुर्ची आणि ईक्वलायझर. टॉवरसमोर सात फुटांवर का होईना, पण पुढे सरकून बसा. एवढ्याने समाधान झालं तर पैसे वाचले. नाही झालं तर पाच-साडेसहा इंची, जवळून ऐकायची जोडी.

आणि दुकानात जाल तेव्हा तुमचा नेहमीचा विलंबित ख्याल बरोबर न्या. दुकानदार आवाज वाढवील, कारण मोठ्याने सगळंच चांगलं लागतं. त्याला सांगा, आपण दोघं कुजबुजून बोललो तरी ऐकू येईल इतका कमी करा. फोनचं मीटर उघडून ५५-६०वर आणा. जमलं तर एसी पाच मिनिटं बंद करायला सांगा. एखाद्या जुन्या दुकानात हे आनंदाने करतात. स्पीकर चार फुटांवर ठेवा आणि डोळे मिटून फक्त ठेका ऐका. 'खाली'नंतर डग्गा परत येऊन समेवर उतरताना ऐकू आला, गळ्याशी भांडण न करता, तर ती जोडी घरी आणा. घरी आणल्यावर दारं लावून, वडिलांच्या पलंगावर बसून एकदा तुम्ही स्वतः ऐका. तिथे शब्द कळत असतील तर नॉब आणखी किती खाली आणायचा ते तिथेच ठरेल.